नवीन कॉम्प्युटरला जुनी हार्ड डिस्क दिसंना, आणि सोलापूरच्या नव्या पेठेतलं हे दुकान

साडेचार स्टार द्यायची सोय नाही म्हणून चार दिलेत, अर्धा कशाचा कापला ते खाली लिहिलंय. ज्यांना एवढंच पाहिजे की दुकान चांगलंय का, त्यांच्यासाठी उत्तर: हो, चांगलंय, बिनधास्त जा, पण संध्याकाळी सहानंतर जाऊ नका आणि बिल मागून घ्या. बाकीचं लांबण त्यांच्यासाठी, ज्यांचा नवीन असेंबल केलेला कॉम्प्युटर हार्ड डिस्क दाखवायला तयार नाही आणि जे घरात बसून एकच केबल काढून-घालून बघायलेत.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर एवढा जीव का टांगणीला लागला होता ते कळणार नाही. मी जकार्डची, म्हणजे मागावर विणतानाच उठणाऱ्या नक्षीची, डिझाइनं करते, टॉवेल, नॅपकिन, चादर, कधी वॉल हँगिंग. अशोक चौकाच्या मागं घर, त्यातलीच एक खोली म्हणजे ऑफिस. पूर्वी हे काम आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून व्हायचं आणि त्यावरनं पुठ्ठ्याची कार्डं पंच करायची, माझ्या सासऱ्यांचं आयुष्य त्यातच गेलं. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, १३४४ नाहीतर २६८८ हुकांचं (हुक म्हणजे मागावर धागे उचलतात ते) डिझाइन कॉम्प्युटरवर बनवायचं, पेनड्राइव्हवर टाकून कारखान्यात द्यायचं, झालं. म्हणजे माझं सगळं दुकान एका हार्ड डिस्कवर बसलंय म्हणा ना. एमआयडीसीतनं एखादे शेठ दोन-तीन वर्षांनी फोन करतात, वहिनी ती मोराची बॉर्डर होती बघा, तीच पाहिजे पण जरा बारीक करून द्या, आणि तो मोर माझ्याकडं असावाच लागतो, नाही म्हणायची सोयच नाही.

जुना कॉम्प्युटर उन्हाळ्यात दम टाकायला लागला म्हणून नवीन घ्यायचं ठरलं. बहिणीचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला मावशी रेडिमेड घेऊ नको, त्याच पैशात मी चांगलं असेंबल करून देतो. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी-५५० चिपसेटचा (डिस्का वगैरे प्रोसेसरला जोडणारी चिप) मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, विंडोजसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी, आत काही न फिरणारी वेगवान डिस्क), नवीन ४ टीबीची हार्ड डिस्क, आणि जुन्या मशीनमधनं काढलेली माझी २ टीबीची, जिच्यावर सगळा संसार आहे ती. पोरानं केबली सुद्धा मागनं अशा नीट बांधल्या होत्या की बघत राहावं. विंडोज पहिल्या दणक्यात बसलं, स्पीड तर काय विचारूच नका. आणि मग ‘धिस पीसी’ उघडलं तर तिथं नुसता सी ड्राइव्ह. दोन्ही हार्ड डिस्का गायब. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डाची सेटिंग) जाऊन बघितलं तर तिथं एनव्हीएमई दिसतीय, ४ टीबी दिसतीय, पण २ टीबीचा पत्ता नाही. पोरानं केबल काढली, परत लावली, बायोस डिफॉल्ट केलं, काही नाही.

त्यानंतर आम्ही आधी दुसऱ्या एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही. तिथल्या माणसानं कॅबिनेटचं झाकण काढलं, मशीन चालू करून बायोस बघितलं, तीच केबल तिथंच एकदा काढून परत दाबली, आणि माझ्याकडं न बघता पोराला म्हणाला, डिस्क गेली बे, डेड झालीय, पुण्याला रिकव्हरीला पाठवावी लागंल, पंधरा-वीस हजार पकडून चल. आणि हे सांगायचे दोनशे रुपये घेतले. मी विचारलं की भाऊ काल जुन्या मशीनवर चालू होती, एका रात्रीत कशी गेली, तर म्हणे इलेक्ट्रॉनिक वस्तूचं काय सांगता येतं. मागावर कापडात रेघ पडली म्हणून कोणी अख्खा माग भंगारात काढत नाही, आधी धागा कुठं तुटलाय ते बघतात. ह्या माणसाला धागा बघायचाच नव्हता, त्याला माग विकायचा होता.

आता ह्या दुकानाचं. नव्या पेठेत, पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आणि अंधारा, कॅबिनेट उचलून चढायचं म्हणजे परीक्षाच आहे. वर गेल्यावर एक लांब टेबल, त्यावर उघडी मशीनं, मागं काचेचं कपाट, आणि टेबलामागं जे अण्णा बसतात तेच मालक आणि तेच मेकॅनिक. तेलुगूत फोनवर बोलणार, कन्नडमध्ये पोऱ्याला हाक मारणार आणि आपल्याशी मराठीत, अस्सल सोलापूर. मला सगळ्यात आधी काय आवडलं असेल तर त्यांनी मशीनला हात लावायच्या आधी प्रश्न विचारले, आणि ते मला विचारले, पोराला नाही. ताई डिस्क जुनी का नवीन? शेवटची कुठं चालली? तेव्हा आवाज करत होती का, स्लो झाली होती का? त्यात काय आहे? त्याची दुसरी कॉपी आहे का? मी म्हणलं थोडंफार पेनड्राइव्हवर आहे, बाकी नाही. तर मान हलवून म्हणाले, मग आधी डिस्क वाचवायची, कॉम्प्युटर नंतर बघू. ही ओळ ऐकून मी खुर्चीवर नीट टेकून बसले.

मशीन चालू केलं आणि पहिलं काम काय केलं तर डिस्कवर तळहात ठेवला. मला पण ठेवायला सांगितला. आत बारीक थरथर जाणवते, फिरतीय म्हणजे. म्हणाले कान लावा, टक टक टक असा आवाज येतो का? नाही. मग म्हणाले, टक टक येत असता तर मी आत्ता बंद केलं असतं आणि परत चालूच केलं नसतं, कारण अशी डिस्क जितकी चालवाल तितकी आतनं खरवडत जाते. मग पॉवरचं समजावलं, ते मला फार कामाचं वाटलं म्हणून लिहिते. ती जी चपटी पॉवरची केबल असते, तिच्यात ५ व्होल्ट पण येतात आणि १२ व्होल्ट पण. अडीच इंची एसएसडी बहुतेक नुसत्या ५ व्होल्टवर चालते, पण साडेतीन इंची मोठ्या हार्ड डिस्कची मोटर फिरवायला १२ व्होल्ट लागतात. त्यामुळं एसएसडी चालतीय म्हणजे केबल ठीकच असणार असं धरून चालायचं नाही, १२ ची लाइन मेलेली असली तर एसएसडी दिसंल आणि हार्ड डिस्क नुसती दगडासारखी पडून राहील. आमची फिरत होती, म्हणजे पॉवरचा प्रश्न मिटला. एवढं सगळं हातानं, एक पण सॉफ्टवेअर न उघडता.

मग मशीन बंद करून, मागचं बटण पण बंद करून, डिस्क बाहेर काढली आणि स्वतःच्या डॉकमध्ये (डिस्क बाहेरनं जोडायचा स्टँड) उभी खुपसली. ह्या डॉकला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, यूएसबीनं त्यांच्या लॅपटॉपला जोडला. कायतरी पाच-दहा सेकंद गेले असतील, माझा श्वास अडकलेला, आणि टुंग करून आवाज आला आणि माझं फोल्डर समोर. चादर, टॉवेल, जुने, शेठचं नाव, सगळं जागच्या जागी. डेड झालेली डिस्क म्हणे! पोरगं तर उभ्या उभ्या हसायला लागलं, मला रडू का हसू कळंना.

अण्णा मात्र तिथं थांबले नाहीत, क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं आणि लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. त्यात एक यादी येते, डाव्या बाजूला ०५, सी५, सी६ असे आकडे. त्यांनी सांगितलं की ०५ म्हणजे डिस्कनं खराब झालेल्या जागा बदलून दुसरीकडं हलवल्यात त्यांचा हिशोब, सी५ म्हणजे वाचता येईना म्हणून लटकलेल्या जागा, सी६ म्हणजे ज्यांचं काही होऊ शकलं नाही त्या. हे तिन्ही शून्य पाहिजेत, आणि आमचे शून्य होते. पण सी७ मध्ये आकडा होता. मी घाबरले, तर म्हणाले हा डिस्कचा नाही, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेचा आहे, डेटा जाता-येता बिघडला की हा वाढतो, बहुतेक वेळा केबल ढिली नाहीतर खराब. एकदा वाढला की परत कमी होत नाही, त्यामुळं आकडा आहे ह्याचं टेन्शन नाही, आता पुढं वाढतोय का तेवढं बघायचं. आमची केबल जुन्या मशीनमधलीच होती, बिनक्लिपची, हात लावला तरी हलायची. ती त्यांनी सरळ कचऱ्यात टाकली आणि लोखंडी क्लिपवाली नवीन काढली. दीडशे रुपये लावले तिचे, बाहेर स्वस्तात मिळत असंल, पण असू दे.

तर डिस्क चांगली, पॉवर चांगली, केबल नवीन. परत मशीनमध्ये लावली, बायोस उघडलं, तरी दिसंना! आता इथं दुसरा कोणी असता तर मदरबोर्ड खराब म्हणून मोकळा झाला असता. अण्णांनी टॉर्च मारून बोर्डवरची बारीक अक्षरं वाचली, केबल साटा ५ ला, म्हणजे हार्ड डिस्कच्या केबली लावायच्या पाचव्या पोर्टला, लावलेली. मग एनव्हीएमई कुठं बसलीय ते बघितलं, खालच्या एम डॉट टू स्लॉटमध्ये (बोर्डावरची एसएसडीची जागा). वरच्या स्लॉटवर अ‍ॅल्युमिनियमचं झाकण स्क्रूनं बसवलेलं होतं आणि खालचा उघडा, त्यामुळं कोणी पण खालचाच वापरील. अण्णांनी फोनवर आमच्या बोर्डाचं मॅन्युअल उघडलं, कंपनीच्या साइटवर फुकट असतं, आणि त्यातला एक चौकोन मोठा करून दाखवला: खालच्या एम डॉट टू स्लॉटमध्ये एसएसडी असेल तर साटा ५ आणि साटा ६ बंद राहतील. बस्स. एवढंच होतं सगळं.

कारण असं की चिपसेटकडं डेटाचे रस्ते ठरावीक असतात. वरचा एम डॉट टू स्लॉट ह्या बोर्डांवर सरळ प्रोसेसरला जोडलेला असतो, खालचा चिपसेटमधनं जातो, आणि साटाचे काही पोर्ट पण त्याच रस्त्यावर. कंपनीनं दोघांना एकच रस्ता दिलाय, एसएसडी बसली की तो तिचा, साटाचे ते पोर्ट बंद. बोर्डवर सहा पोर्ट दिसतात म्हणून सहा डिस्का लागतील असं नसतं. आणि प्रत्येक बोर्डाचं वेगळं, कुठं ५-६ बंद होतात, कुठं १-२, कुठं एखादाच, कुठं साटावाली एम डॉट टू (दिसायला एनव्हीएमईसारखीच, पण साटाच्या रस्त्यानं चालणारी एसएसडी) बसवली तरच बंद होतात आणि एनव्हीएमई बसवली तर नाही. त्यामुळं कोणाचं ऐकून पोर्ट ठरवू नका, आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघा, स्टोरेजच्या पानावर असतंच. बायोस मात्र ह्याबद्दल एक शब्द बोलत नाही, हा पोर्ट बंद केलाय असं लिहायला कंपनीवाल्यांचं काय जात होतं देव जाणे.

केबल साटा ५ मधनं काढून साटा २ मध्ये लावली आणि बायोसमध्ये डिस्क हजर. सगळ्या तपासणीत हे शेवटचं काम मिनिटाचं होतं. पोरानं विचारलं की एसएसडी वर हलवायची का, तर अण्णा म्हणाले ५६००जी वर पीसीआय एक्सप्रेस ३ च, म्हणजे एसएसडीच्या रस्त्याची मागची पिढीच मिळते, खाली पण तेवढंच आहे, वेग वाढणार नाही, मग कशाला उगाच खोलायची. मला हे पण आवडलं. हलवून चारशे रुपये अजून लावता आले असते.

आता दुसरी डिस्क, नवीन ४ टीबीची. ती बायोसमध्ये दिसत होती पण विंडोजमध्ये नाही. अण्णा म्हणाले हे वेगळं दुखणं आहे, दुखणं पण नाही म्हणा, नवीन डिस्क कोरी असते, तिला आधी इनिशियलाइज करायला लागतं, म्हणजे विंडोजला वापरता येईल अशी आखून द्यायला लागते. पण ते करायच्या आधी परत मशीन बंद केलं आणि माझ्या जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. मी म्हणलं आत्ता तर लावली, परत का काढली? तर म्हणाले ह्या खिडकीत दोन डिस्का शेजारी शेजारी दिसतात, हात घसरला आणि भलतीला फॉरमॅट मारलं तर? जी डिस्क जोडलेलीच नाही तिला कोण मारणार. हे एवढं एक वाक्य त्या दुसऱ्या दुकानदाराला फ्रेम करून पाठवावं असं वाटलं.

मग विंडोजच्या बटणावर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. उघडल्या उघडल्या विचारतं एमबीआर का जीपीटी, म्हणजे डिस्क आखायची जुनी पद्धत का नवीन. जीपीटीच घ्यायचं, कारण एमबीआर घेतलं तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही, ४ टीबीची डिस्क घेऊन अर्धी वाया. खाली काळी पट्टी दिसते, अनअलोकेटेड लिहिलेली, त्यावर राइट क्लिक करून न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट, नाव द्यायचं, झालं. ३.६३ टीबी दाखवलं. मी विचारायच्या आतच म्हणाले, फसवलेलं नाही ताई, कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या, तुमची २ टीबी पण १.८१ च दाखवत असंल बघा. खरंच तसंच होतं, इतके वर्षं कधी लक्ष गेलं नव्हतं. नवीन डिस्कचे पॉवर ऑन अवर्स (आजवर किती तास चालली तो आकडा) पण बघितले, शून्याच्या आसपास आहेत का ते, कारण वापरलेली डिस्क पुसून नवीन म्हणून खपवणारे पण आहेत बाजारात, आणि सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते पण. (काही जण ते अवर्स पण शून्य करून विकतात, म्हणून वॉरंटीची तारीख बघणं जास्त भरवशाचं, असं त्यांचं म्हणणं.)

एक लक्षात ठेवा, हे मी मोठ्यानं लिहिते: ज्या डिस्कमध्ये तुमचा डेटा आहे ती लावल्यावर विंडोजनं इनिशियलाइज करा नाहीतर फॉरमॅट करा असं विचारलं तर कॅन्सल दाबा आणि कोणाला तरी दाखवा. कोऱ्या डिस्कला हो, जुनीला नाही.

मग जुनी जोडली, मशीन चालू, आणि ती आली एफ म्हणून. आता माझ्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला सगळी लायब्ररी डी ड्राइव्हवर असायची सवय, प्रत्येक फाइलचा पत्ता डी पासून सुरू होणारा, धाग्यांच्या रंगांची फाइल, विणीची फाइल, सगळं डी. हे मी नुसतं सहज बोलले तर अण्णांनी अक्षरं बदलून दिली: सध्या जुनी डी, नवीन ई. सगळं ई वर कॉपी करायचं, तपासायचं, मग जुनी काढून ठेवायची आणि नवीनला डी हे अक्षर द्यायचं, सॉफ्टवेअरला कळणार पण नाही की डिस्क बदलली. ते पण डिस्क मॅनेजमेंटमध्येच होतं, चेंज ड्राइव्ह लेटर म्हणून, फक्त सी ला हात लावायचा नाही. कॉपी घरीच लावली, माझ्या बारक्या फाइली इतक्या की रात्रभर चालली. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या फोल्डरचं प्रॉपर्टीज उघडून फाइलींचा आकडा जुळवला आणि मोर, कोयरी, एक जुनं देवळाचं वॉल हँगिंग, असे दहा-बारा डिझाइन उघडून बघितले. आता जुनी डिस्क स्पंजच्या पिशवीत कपाटात, साड्यांच्या खाली.

बसल्या बसल्या दुसऱ्या गिऱ्हाइकांचं पण बघायला मिळालं आणि तेवढ्यात लक्षात आलं की डिस्क दिसंना हे एकच वाक्य घेऊन लोक येतात आणि प्रत्येकाचं कारण निराळं. एक मुलगा इंटेलच्या नवीन बोर्डावर विंडोज टाकत होता, बायोसमध्ये एसएसडी दिसते आणि विंडोजच्या सेटअपमध्ये डिस्कची यादी रिकामी. अण्णांनी न बघताच सांगितलं व्हीएमडी (इंटेलची डिस्का सांभाळायची बायोसमधली सोय) चालू असंल, एकतर बायोसमध्ये बंद कर नाहीतर इंटेलच्या साइटवरनं रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घे आणि सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर कर. पण विंडोज आधीच टाकलेलं असेल तर ते बटण उगाच हलवू नको, बूट होणार नाही, हे पण बजावलं. दुसरा एक जण एम डॉट टू एसएसडी घेऊन आला होता, तिला दोन खाचा, म्हणजे ती बहुतेक साटावाली, आणि त्याचा स्लॉट नुसता एनव्हीएमईचा. बसते व्यवस्थित, स्क्रू पण लागतो, दिसत मात्र कधीच नाही. त्याला परत करायला लावली, स्वतःकडची विकायचा प्रयत्न केला नाही असं म्हणणार होते पण केला, थोडा.

आणि त्या काचेच्या कपाटात एक हार्ड डिस्क ठेवलीय, खालच्या हिरव्या पाटीवर काळा डाग. ती का ठेवली विचारलं तर म्हणाले कोणीतरी मॉड्युलर एसएमपीएस (केबली काढता-घालता येणारा पॉवर सप्लाय) बदलला आणि केबली जुन्याच ठेवल्या, डिस्ककडचं टोक सारखंच असतं पण एसएमपीएसकडच्या टोकाला प्रत्येक कंपनीच्या तारांचा क्रम वेगळा, ५ च्या जागी १२ गेले आणि चालू केल्या केल्या धूर. तो माणूस रिकव्हरीसाठी डिस्क न्यायला कधी परत आलाच नाही. मी पोराकडं बघितलं, तो म्हणाला मावशी आपल्या डब्यातल्याच केबली आहेत, शपथ. बाहेरच्या यूएसबी डब्यातनं काढलेल्या काही मोठ्या डिस्का पण असतात म्हणे ज्यांना तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की त्या फिरायचंच बंद ठेवतात, कारण नवीन साटामध्ये ती पिन डिस्क बंद करायला वापरतात, त्याला वेगळा कन्व्हर्टर लावून देतात. हे मला पूर्ण झेपलं नाही पण तुमची डिस्क अशी असेल आणि हाताला थरथर लागत नसेल तर विचारून बघा.

पैसे: तपासणीचे ३००, केबलचे १५०, दोन्ही डिस्का बसवून, इनिशियलाइज करून, अक्षरं लावून दिल्याचे ४००. एकूण ८५०. पंधरा-वीस हजारांच्या पुढं हे काय आहे सांगा, पण तसा हिशोब करणं पण बरोबर नाही, कारण बाहेर हे काम पाचशेत पण कोणी करून देईल. मी ८५० खुशीनं दिले ते मला सगळं दाखवून केलं म्हणून, स्क्रीन माझ्याकडं फिरवून, एकदा पण ‘तुम्हाला नाही कळणार मॅडम’ न म्हणता. माझ्यासारख्या बाईला असल्या दुकानात गेल्यावर काय वागणूक मिळते ते ज्या जातात त्यांनाच माहीत, बरोबर विशीतलं पोरगं असलं तरी बोलणं त्याच्याशीच होतं आणि पैसे तेवढे आमच्याकडं मागतात.

आता अर्धा स्टार. फोन उचलत नाहीत, वाजून वाजून बंद होतो. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितल्यावर तोंड न वाकडं करता देतात पण मागायला लागतं, आणि केबलच्या वॉरंटीसाठी ते लागणार ना. डिस्कला चारऐवजी तीनच स्क्रू लावलेत, घरी येऊन बघितलं तेव्हा कळलं. सारखं एकच पालुपद, यूपीएस घ्या यूपीएस घ्या. सोलापुरात लाइट कधी जाईल सांगता येत नाही हे बरोबर, आणि कॉपी चालू असताना लाइट जाणं डिस्कला वाईट हे पण बरोबर, पण माझ्याकडं यूपीएस आहे हे सांगितल्यावर पण मोठा घ्या म्हणत होते. आणि बसायला दोन स्टुलं, त्यातल्या एकावर कायम कोणाचा तरी प्रिंटर.

पार्किंग नव्या पेठेत शोधायच्या भानगडीत पडू नका, रिक्षा करा, कॅबिनेट मांडीवर आडवं धरा. सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर अण्णा एकटे असतात आणि निवांत बोलतात, सहानंतर पोरांची गर्दी होते आणि मग तुमचं मशीन ठेवून घेतात. गड्ड्याच्या (जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा) दिवसांत तर संध्याकाळी तिकडं फिरकूच नका, रिक्षा पार्क चौकातच अडकते. जाताना मदरबोर्डाचा खोका नाहीतर मॉडेल नंबर, एसएमपीएसच्या डब्यातल्या उरलेल्या केबली आणि जुन्या डिस्कचे स्क्रू घेऊन जा. चार घेऊन जा.